पंधरा मिनिटांची मुभा

दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर ते सगळं मिनिटभरात आटोपायचं. दाण्याला कोंब फुटायचा, कोंबाचा वेल व्हायचा, संपलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे पैसे द्यायला तयार झाले. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. म्हणजे पैसेवाल्याला पटवण्यासाठी केलेला लघुपट आपल्याकडे पहिल्या मोठ्या चित्रपटाच्याही आधीचा आहे.

शंभर वर्षांनी अमेरिकेत डेमियन शझेलने हेच केलं. ‘व्हिप्लॅश’ची पटकथा तयार होती, पण पैसा कुणी लावेना. मग त्यातला एकच प्रसंग उचलून त्याने १८ मिनिटांचा लघुपट केला. २०१३ मध्ये सनडान्सला त्याला पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पूर्ण चित्रपट आला आणि त्याने तीन ऑस्कर नेले. गंमत अशी, की आधी लघुपट झाला होता म्हणून ऑस्करवाल्यांनी ती मूळची पटकथा ‘आधारित’ पटकथांच्या रांगेत बसवली. कारण आधी पटकथा आणि मग लघुपट, हा क्रम त्यांच्या हिशेबात बसला नाही.

मराठीत ही शिडी ओळखीची आहे. उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ ही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली डिप्लोमा फिल्म. संसार चालावा म्हणून आई घरात पिठाची गिरणी आणते. पोराला आधी तिचं कोण अप्रूप! मग दिवसभराची घरघर आणि सगळीकडे बसणारं पीठ यांत त्याचं घर घरासारखं उरत नाही. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ आले. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला तो अहमदनगरला मास कम्युनिकेशन शिकताना. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे नागराज यांच्याच ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसला.

इथवर सगळं सरळ आहे. हाताशी पैसा नाही, नाव नाही, म्हणून छोटं काम करून दाखवायचं. पण वरच्या मजल्यावर पोचलेली माणसं पुन्हा खाली का उतरतात?

आणि ती उतरतातच. सत्यजित रे यांनी ‘चारुलता’ केला त्याच १९६४ साली ‘टू’ नावाचा छोटा चित्रपटही केला. एका अमेरिकी तेल कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमासाठी तो हवा होता आणि इंग्रजीत हवा होता. रेंनी त्यात संवादच ठेवले नाहीत. ‘सैराट’ने तर मराठी सिनेमाचे गल्ल्याचे सगळे हिशेब बदलले. त्यानंतर नागराज यांच्या दारात निर्मात्यांची रांग लागली असती, तर नवल नव्हतं. त्या काळात त्यांनी काय केलं, तर ‘पावसाचा निबंध’. गुरुजी पोरांना पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहायला सांगतात आणि राजा नावाच्या पोराच्या घरी छप्पर गळतंय, बाप दारू पिऊन रस्त्यात पडलाय, त्याला भर पावसात घरी आणायचंय. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, ध्वनीसाठीही मिळाला आणि तो अगदी योग्य होता. त्या लघुपटात पाऊस आधी कानाला भिडतो.

नीरज घेवान यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘मसान’ २०१५ मध्ये कान महोत्सवात गाजला आणि दोनच वर्षांनी त्यांनी चौदा-पंधरा मिनिटांचा ‘ज्यूस’ केला. बैठकीच्या खोलीत कूलरसमोर पुरुषांच्या गप्पा रंगल्यात, स्वयंपाकघरात बायका उकाड्यात तळणं काढतायत. पंखा बंद पडलेला. नवरा बाहेरून हाका मारतोय. शेवटी शेफाली शहा फ्रिजमधून गार ज्यूस काढून पेल्यात ओतते, खुर्ची ओढत आणते आणि कूलरसमोर बसते. एक शब्द नाही, नुसती नवऱ्याकडे नजर. हीच गोष्ट दोन तासांची करायची म्हटली, तर बाईला माहेर लागलं असतं, वकील लागला असता, मध्यंतराला धक्का लागला असता आणि अखेरीस नवऱ्याला उपरतीही झाली असती. खुर्ची ओढल्याचा आवाज या सगळ्याखाली दबला असता.

काही गोष्टींचा जीवच तेवढा असतो. शिवाय लघुपटात कुणी ‘रिकव्हरी’ विचारत नाही, कारण ती होणारच नसते! थिएटरात तिकीट लावून लघुपट दाखवण्याची सोय आपल्याकडे जवळपास नाहीच. त्यामुळे हिरो कोण, गाणी किती, प्राइम टाइमला शो मिळेल का, हे प्रश्न मुळातच गळून पडतात. पैसे मात्र कुणीतरी घालावे लागतात. ‘ज्यूस’ आणि सुजॉय घोष यांचा ‘अहल्या’ हे दोन्ही यूट्यूबवर आले ते रॉयल स्टॅगच्या ‘लार्ज शॉर्ट फिल्म्स’ या मंचावरून. मद्याची उघड जाहिरात करता येत नाही, तेव्हा ब्रँडचं नाव लोकांपुढे ठेवायला अशी वाट सापडते. सिनेमाला आश्रयदाते कुठून मिळतील, सांगता येत नाही.

असा आश्रय थोड्यांनाच. बाकीचे मित्राचा कॅमेरा, मावशीचं घर आणि स्वतःची बचत यांवर तीन दिवसांत शूटिंग उरकतात. कलाकार मानधन घेत नाहीत, पण चहा-नाश्ता, वडापाव, जेवण आणि गाडीभाडं कुणाला चुकलेलं नाही. एडिट, साउंड होऊन फिल्म तयार झाली, की खरा पेच सुरू होतो. बऱ्याच महोत्सवांना आधी कुठे न दाखवलेली फिल्म हवी असते. म्हणून ती यूट्यूबवर टाकायची नाही. प्रवेश शुल्क भरत राहायचं आणि पासवर्ड लावलेली लिंक परीक्षकांना पाठवत राहायचं. मावशी मात्र दर सणाला विचारते, माझ्या घरात केलेला तो सिनेमा दाखवणार कधी?