लाल टिकलीनंतर काय? कलादालनातील पहिली विक्री आणि चित्रकाराचा हक्क

मुंबई : खासगी कलादालनात प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या सायंकाळी भिंतीवर चित्रे असतात, त्यांच्या किमती मात्र प्रवेशाजवळच्या टेबलावर ठेवलेल्या छापील मूल्यसूचीत असतात. चित्र विकले गेले, की त्याच्या शेजारी किंवा सूचीतील क्रमांकापुढे एक लहानशी लाल टिकली चिकटवली जाते. हयात आणि अद्याप फारसे नाव न झालेल्या चित्रकाराच्या कामाची बाजारातील पहिली किंमत बहुधा याच ठिकाणी ठरते. त्या किमतीतील किती रक्कम चित्रकाराच्या हाती, किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर पडणार, याची नोंद मात्र प्रत्येक वेळी कागदावर झालेली असतेच असे नाही.

२०२५ या वर्षात भारतीय कलाबाजाराला दोन शुभवार्ता मिळाल्या. मार्च महिन्यात न्यूयॉर्क येथे ख्रिस्तीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्यानंतर २२ सप्टेंबरपासून चित्रे व शिल्पे यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दोन्ही घटनांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. तथापि आज कलादालनांत कामे मांडणाऱ्या चित्रकाराच्या वाट्यात या दोहोंमुळे आपोआप भर पडत नाही. त्याचे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे.

भाड्याची भिंत, भागीदारीची भिंत

मुंबईत चित्रप्रदर्शनाचे दोन मार्ग आहेत. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी कलावंत ठरावीक मुदतीसाठी दालन भाड्याने घेतो. निमंत्रणपत्रिका, चित्रांची वाहतूक, ग्राहकांशी बोलणी ही सारी जबाबदारी त्याचीच असते. दालनासाठी काही वर्षे प्रतीक्षाही करावी लागते. व्यावसायिक कलादालनाची पद्धत याहून वेगळी आहे. तेथे कलावंत भाडे देत नाही. दालनच त्याची निवड करते, प्रदर्शनाचा खर्च उचलते, संग्राहकांना बोलावते आणि विक्री झाल्यास कमिशन घेते. हे कमिशन सर्वसाधारणपणे विक्रीच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असते.

या दुसऱ्या पद्धतीला देशात मोठा इतिहास आहे. दिल्लीत धूमीमल गॅलरी १९३६ पासून आणि कुमार गॅलरी १९५५ पासून कार्यरत आहे. मुंबईत केकू गांधी यांनी चित्रांच्या चौकटी बनवण्याच्या व्यवसायातून नवचित्रकारांची कामे मांडण्यास आरंभ केला आणि १९६३ मध्ये जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. त्याच वर्षी पंडोल कलादालनही उघडले. आधुनिक चित्रकलेला ग्राहक जवळजवळ नव्हता, त्या काळात या दालनांनी तो एकेक करून घडवला. आज फोर्ट ते कुलाबा या पट्ट्यात विखुरलेली दालने याच परंपरेतील आहेत.

एक लाखाचा हिशेब

करकपातीचा लाभ कोणाला, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. समजा, एका चित्राची किंमत एक लाख रुपये आहे आणि दालनाचे कमिशन निम्मे आहे. पूर्वी ग्राहक करासह १ लाख १२ हजार रुपये देत असे. आता तो १ लाख ५ हजार देतो. चित्रकाराचे ५० हजार दोन्ही वेळी तेवढेच राहतात. ग्राहकाचे ७ हजार वाचल्यामुळे विक्रीची शक्यता वाढते, हा लाभ खरा आहे. पण तो अप्रत्यक्ष आहे.

याउलट ग्राहकाने मागितलेली सवलत थेट चित्रकाराच्या वाट्याला भिडते. दहा टक्के सूट दिली आणि तिचा भार दोघांनी समान उचलला, तर चित्रकाराला ४५ हजार मिळतात. सारा भार त्याच्यावर टाकला, तर ४० हजार. चौकट आणि वाहतूक यांचा खर्च त्यातूनच वजा होणार असेल, तर रक्कम आणखी घटते. कॅनव्हास, रंग, कार्यशाळेचे भाडे आणि कित्येक महिन्यांची मेहनत यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. सरकारच्या सात टक्क्यांपेक्षा सवलतीचा भार कोणी उचलायचा हे सांगणारी एक ओळ चित्रकारासाठी अधिक मोलाची ठरते. नेमकी तीच ओळ पुष्कळदा तोंडी असते.

दुसऱ्या विक्रीचे काय?

‘ग्रामयात्रा’ची कथा येथे बोलकी आहे. १९५४ मधील हे चित्र त्याच वर्षी दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी १,४०० रुपयांना विकत घेतल्याची नोंद आहे. पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि लिलावाचे उत्पन्नही त्या संस्थेचेच होते. हुसेन यांचे निधन २०११ मध्येच झाले होते. परंतु हयात कलावंतही या बाबतीत वेगळे नसतात. २००२ मध्ये तैयब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ हे चित्र न्यूयॉर्कमधील लिलावात दीड कोटी रुपयांवर गेले, तेव्हा ते मुंबईत चित्रे काढीत होते. लिलावाची रक्कम नियमानुसार चित्राच्या त्या वेळच्या मालकाची असते, चित्रकाराची नव्हे.

भारतीय कायद्याने या विसंगतीचा विचार केलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ समाविष्ट झाले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाचित्र १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळावा आणि तो कमाल १० टक्के असावा, असे हे कलम सांगते. वाट्याचे प्रमाण ठरवण्याचे काम स्वामित्वहक्क मंडळाकडे होते. २०१७ मध्ये ते मंडळ बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले आणि २०२१ मध्ये ते अपील मंडळही रद्द होऊन त्याची कामे न्यायालयांकडे गेली. या सर्व स्थित्यंतरांत कलम कायम राहिले, पण व्यवहारात ते जवळजवळ निष्क्रियच आहे.

अन्यत्र हा हक्क केवळ कागदावर नाही. फ्रान्सने तो १९२० मध्येच मान्य केला. ब्रिटनमध्ये २००६ पासून चढत्या किमतीबरोबर घटत जाणाऱ्या टक्केवारीने, ४ टक्क्यांपासून पुढे, हा वाटा दिला जातो आणि त्याला कमाल मर्यादाही आहे. अमेरिकेत मात्र असा देशव्यापी कायदा नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमधील विक्रमाचा वाटा तेथील कायद्याने मिळत नाही.

दालनांची बाजू

या चित्रात दालनांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. दक्षिण मुंबईतील जागा, कर्मचारी, विमा, पुस्तिका आणि कला मेळाव्यांतील सहभाग हा खर्च विक्री झाली न झाली तरी करावा लागतो. एखाद्या नवोदितावर दालन वर्षानुवर्षे गुंतवणूक करते आणि त्याच्या किमती सावकाश वाढवते. २००८ च्या आर्थिक संकटापूर्वीच्या तेजीत अनेक तरुणांची चित्रे लवकरच लिलावात फिरू लागली. मंदी येताच त्या किमती कोसळल्या आणि त्याची झळ कलावंतांना पुढे दीर्घकाळ सोसावी लागली. किमतीला आधार देणारे दालन मागे असणे हे अशा वेळी संरक्षण ठरते. शिवाय बहुसंख्य चित्रे पुन्हा कधी विक्रीस येतच नाहीत. त्यामुळे पुनर्विक्रीचा वाटा हा सर्व दुखण्यांवरील उतारा नव्हे.

म्हणूनच खरा प्रश्न कमिशन किती असावे हा नाही. ठरलेले लिहून ठेवले जाते का, हा आहे. कोणती कामे दालनाकडे सोपवली, किती मुदतीसाठी, सवलतीचा भार कोणाचा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, न विकलेली चित्रे कधी व कोणाच्या खर्चाने परत, नुकसान झाल्यास विमा कोणाचा, या सहा मुद्द्यांसाठी दोन पानांचा करार पुरेसा आहे. सातवा मुद्दा खरेदीदाराचे नाव कलावंताला कळण्याचा. चित्र कोणाकडे गेले हेच ठाऊक नसेल, तर कलम ५३अ चा हक्क उद्या जागा झाला तरी तो मागायचा कोणाकडे?

चित्र विकल्याने त्याचा स्वामित्वहक्क विकला जात नाही आणि तो हस्तांतरित करायचा तर कायद्याला लेखी दस्त लागतो. दिनदर्शिकेवर किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते चित्र छापण्याची परवानगी देणे हा वेगळा व्यवहार आहे. कलामहाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना रंगसंगती आणि रचनेबरोबर एवढी माहिती मिळाली, तरी पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी ते रिकाम्या हाताने वाटाघाटीस बसणार नाहीत.

कर कमी करून सरकारने ग्राहकासाठी एक पाऊल टाकले आहे. कलम ५३अ नुसार वाट्याचे प्रमाण निश्चित करण्याची आणि तो वसूल करण्याची सोपी व्यवस्था उभी करणे हे कलावंतासाठीचे पाऊल ठरेल. लेखी कराराची प्रथा पाडण्यासाठी मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. ते काम दालने आणि कलावंत यांना पुढच्या प्रदर्शनापासूनच करता येईल.