वाघ, माकड आणि आपली विवेकबुद्धी

सांगलीच्या एका परिचित कुटुंबातील कन्येचा विवाह साताऱ्याच्या मुलाशी जवळजवळ निश्चित झाला होता. पत्रिका जुळली, २६ गुण आले, उभय घरे प्रसन्न होती. परंतु ऐनवेळी एका ज्योतिषाने 'चिनी रास' काढली. मुलगी मे १९९८ ची, म्हणजे वाघ. मुलगा ऑगस्ट १९९२ चा, म्हणजे माकड. या दोघांचे हाडवैर! त्यात अंकशास्त्राची भर पडली आणि साताऱ्याहून नकार आला.

फेंगशुईच्या नावाने तीन पायांचा बेडूक आमच्या दिवाणखान्यात आला, तेव्हा आम्ही कौतुकाने हसलो. आता त्याच वाटेने बारा प्राणी आमच्या मुलींच्या पत्रिकेत शिरू पाहत आहेत.

हे वैर आहे तरी काय? बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षास एक प्राणी आणि समोरासमोरचे प्राणी परस्परविरोधी. बारांच्या चक्रात समोरचा म्हणजे सहा वर्षांनी येणारा! अर्थात वधूवरांच्या वयात सहा वर्षांचे अंतर पडले की झाले वैर. या न्यायाने आपल्या किती आजी-आजोबांचे संसार मोडावयास हवे होते, हे वाचकांनीच घरी मोजून पाहावे.

आमच्या गुणमेलनातील योनिकूटातही व्याघ्र आहे, वानर आहे. परंतु तेथे योनी ठरते ती जन्मनक्षत्रावरून, वर्षावरून नव्हे. तेथे व्याघ्राचे वैर गायीशी, वानराचे मेंढ्याशी. एका पद्धतीत नसलेले वैर दुसरीतून उसने आणणे, हा समन्वय नव्हे. ही खिचडी आहे. चिनी परंपरा चिनी पंचांगात आणि सणांत शोभते. तिचा उपहास करण्याचे आम्हांस कारण नाही.

ज्या सांगलीत १९२० साली पंचांगशुद्धीसाठी ज्योतिष परिषद भरली, त्याच सांगलीत हे घडावे याचा खेद अधिक वाटतो. लोकमान्य टिळकांच्या पिढीने अयनांशाच्या काही अंशांसाठी वर्षानुवर्षे वाद घातला, कारण गणित आकाशाशी जुळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या मिश्रणात गणितही नाही आणि आग्रहही नाही. आहे ती केवळ दक्षिणा.

याचे मोल कोण देते? १९६६ हे जपानमध्ये 'अग्नी-अश्व' वर्ष होते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी पतीस घातक ठरते, या समजुतीपायी तेथील जन्मांची संख्या एका वर्षात सुमारे १८ लाखांवरून १४ लाखांच्या आत आली. प्रगत राष्ट्राची ही गत! साठ वर्षांचे चक्र पुरे होऊन २०२६ मध्ये तेच वर्ष पुन्हा येते. मंगळ आणि मूळ नक्षत्र यांच्या नावाने आम्ही आमच्या लेकींना पुरेसे छळले आहे. त्यात आता वाघ आणि घोडाही जोडावयाचा काय?

हिंदू समाजाच्या संघटनेचा विचार करणाऱ्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. स्थळ पाहताना शील, शिक्षण, आरोग्य आणि उभयतांची संमती पाहावी. ज्या दिवशी साताऱ्याचे ते घर आपला नकार मागे घेईल, त्या दिवशी आम्ही अक्षता घेऊन प्रथम उभे राहू.