जंत 8, बारशी 59

नळदुर्गला गेलो की मी नर-मादी धबधबा पाहतो आणि तिथल्या एका उपेक्षित मानकऱ्याला मनातल्या मनात मुजरा करतो: लायटोसेस्टस नळदुर्गेन्सिस. मागुराच्या आतड्यातला जंत.

मागूर म्हणजे तळाशी लोळणारा, चिखल हुंगणारा मिशाळ मासा. चिखलातले बारीक गांडुळवर्गीय किडे तो गिळतो, त्यांच्यातून हा जंत पोटात. म्हणायला फीतकृमी, पण इतर फीतकृमींसारखे तुकडे नाहीत. अख्खं अंग एकच खंड, नर-मादी त्यातच. धबधब्याला दोन धारा लागतात, याचं एकट्यात भागतं.

इतका काटकसरी जीव, आणि नावांची उधळपट्टी बघा! मोघे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं 1925 साली मागुरातूनच असा एकखंडी जंत 'इंडिकस' या नावानं वर्णिला. पुढे आमच्याकडे पाळणे हलू लागले. मराठवाडाएन्सिस झाला. नळदुर्गेन्सिस झाला. तेरणेच्या नावानं तेरणाएन्सिस झाला. नदी, गाव, गुरुजी, कुणीच उपाशी राहिलं नाही. वृषणं चार कमी भरली? नवी जाती! मान आखूड दिसली? नवी जाती! अहो, नीट न टिकवलेला जंत आकसतो आणि काचेखाली दाबला की पसरतो. एसटीच्या गर्दीत चेंगरलेल्या प्रवाशाला 'रुंद मानव' ही नवी जाती ठरवावी, तसलं हे प्रगाढ पांडित्य.

मग 2011 साली काही भारतीय आणि युरोपीय अभ्यासकांनी आगाऊपणा केला. मूळ नमुने पाहिले, जुने लेख चक्क वाचले! इंडोमलायी प्रदेशातल्या मागुराच्या खात्यावर अशा एकखंडी फीतकृमींच्या 59 जाती जमा होत्या. खऱ्या उरल्या 8. नळदुर्ग बाद. तेरणा बाद.

नाव बदलण्याचं आम्हाला वावडं नाही; 2023 मध्ये नळदुर्गच्या अख्ख्या जिल्ह्याचं बदललं. पण उस्मानाबाद आणि धाराशिव हे दोन जिल्हे धरून कुणी दुप्पट अनुदान मागितलं नाही. तलाठ्याला जे कळतं, ते प्रबंधाला कळू नये?

जंत मागुराच्या जिवावर जगतो, पण निदान ते छापून आणून बढती मागत नाही. तेव्हा नामकरणोत्सुक विद्वज्जनहो, एवढंच करा: नमुना ताजा घ्या, नीट रंगवा, संग्रहालयात ठेवा, दुसऱ्याला पाहू द्या. बारशाला पेढे नंतर वाटा. आधी पाळण्यात मूल आहे का, ते बघा.