चट्टा, बधिरता आणि बोली

भाषा न येणाऱ्या परदेशी माणसाची दवाखान्यातील कुचंबणा समजून घेण्यासाठी आम्हां जामनेरकरांस समुद्र ओलांडण्याची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा पावरी बोलणारा मजूर असो, की आमच्या भागातील तांड्यावरची गोरबोली बोलणारी आजी. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दोघेही परकेच ठरतात.

त्वचा डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्या व्याधीला शब्द लागत नाहीत, हा समज भाबडा आहे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा खाजत नाही, दुखत नाही. तेथे स्पर्श कळत नाही, हीच त्याची मोठी खूण. डॉक्टर कापसाचे टोक त्वचेला टेकवतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने तेथे बोट ठेवायचे असते. पण ही सूचनाच समजली नाही तर? ‘संवेदना आहे का?’ या प्रश्नावर मान नुसतीच हलते. (समीक्षेने हा शब्द इतका उचलला आहे, की त्याचा कातडीशी काही संबंध आहे, हे वर्गात सांगावे लागते.) जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो, उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी मात्र बहुधा भरून येत नाही.

बोलींवरील प्रबंधांत ओव्या, म्हणी, लग्नगीते हवी तितकी मिळतात. खाज, आग, मुंग्या, बधिरपणा यांना तावडीत, गोरबोलीत, पावरीत काय म्हणतात, हे शोधावे लागते. हे शब्द पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गोळा करावेत आणि त्यांची वही डॉक्टरांच्या टेबलावर असावी, असे आमचे म्हणणे आहे. नातवाला दुभाषा करून भागत नाही. त्याच्यादेखत आजी मांडीवरचा चट्टा दाखवणारच नाही.