किती माणसे, हे कोणी ठरवायचे?

१८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले आणि शहर सावरण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. तीनच दिवस आधी, स्वातंत्र्यदिनी, शिपायांनी काळ्या फिती लावून आपला असंतोष व्यक्त केला होता. सरकारने पुढाऱ्यांना अटक केली, संघटनेची मान्यता काढून घेतली. शहर शांत झाले. पण शिपायाला हक्काने गाऱ्हाणे मांडता येईल अशी जागाही त्याबरोबर गेली. ती उणीव पुढे भरून निघाली नाही.

पोलिसांनी संप करू नये, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. घटनेच्या ३३व्या कलमाने अशा दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे आणि १९६६च्या कायद्याने परवानगीवाचून पोलिसांना कामगार संघटनेत जाण्यास मनाई केली आहे. वाद त्याबद्दल नाही. संपाचे हत्यार काढून घेताना त्याच्या बदल्यात काय दिले, हा खरा प्रश्न आहे.

पोलिसांचे दुखणे केवळ पगाराचे नसते, संख्याबळाचेही असते. मंजूर जागा रिकाम्या राहिल्या म्हणून गुन्हे किंवा मिरवणुका कमी होत नाहीत; उरलेल्यांची पाळी तेवढी लांबते. रिकाम्या जागेची बचत अंदाजपत्रकात दिसते, थकलेल्या शिपायाची किंमत दिसत नाही. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना मंत्रालयातून आली नव्हती. त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने ती मांडली होती. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली व पुढे शहरभर नेली. हे त्यांचे मोठेपणच. पण जी सोय साहेबाच्या मर्जीवर उभी असते, ती साहेब बदलला की डळमळते. तिला कराराचा आधार हवा.

असा आधार देता येतो, हे अमेरिकेतील ओहायो राज्याने दाखवले आहे. तेथील १९८३च्या कायद्याने पोलीस व अग्निशामकांना संपबंदी केली, पण वाटाघाटी फिसकटल्यास तटस्थ लवादाचा बंधनकारक निवाडाही दिला. २०११ मध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांच्या सरकारने नवा कायदा करून ही लवादाची सोय काढली आणि कामावर किती माणसे असावीत हा विषयच वाटाघाटींतून वगळला. त्याच नोव्हेंबरात जनमत कौल झाला आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो कायदा फेटाळला.

संख्याबळ म्हणजे आगीच्या दारात काय, हे तिथल्या एका नियमावरून कळते. १९९८च्या संघराज्य नियमानुसार पेटलेल्या घरात दोघे शिरले तर बाहेर दोघे सज्ज हवेत. आत कोणी अडकले असेल तरच अपवाद. म्हणजे बंबावर चौथा माणूस नसेल, तर तिघांनी दारात उभे राहून दुसऱ्या बंबाची वाट पाहायची! चौथा माणूस ही चैन आहे की गरज, हे कचेरीत बसून कसे ठरणार?

अर्थात, याची दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो शहराने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्याच्या सर्वसाधारण निधीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पोलीस व अग्निशमन दलावर खर्च होत होता. किमान संख्येची करारबद्ध हमी देऊन हात बांधून घेतले की पडत्या काळात शहर अडचणीत येते. म्हणून लवादाने नगरीची ऐपतही तपासली पाहिजे. पण ऐपत नाही, हे प्रशासनाने आकडे मांडून सिद्ध करावे, नुसते सांगू नये.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत आणि म्हणून तेथील शिस्त कोसळलेली नाही. महाराष्ट्राने संपबंदी कायम ठेवावी. मात्र संख्याबळ व पाळ्या यांवर शिपाई आणि जवान यांचे निवडलेले प्रतिनिधी ऐकून घेणारे व बंधनकारक निवाडा देणारे स्वतंत्र मंडळ नेमावे. ज्याला बोलण्यास मनाई आहे, त्याचे ऐकून घेण्याची जबाबदारी दुपटीने सरकारवर येते. १९८२ने शिकवले ते एवढेच.