सहलीत मागे राहणारा माणूस

पावसाळा सरत आला आणि बोरी नदीवरचे धरण भरल्याची बातमी कानावर आली, की सोलापूरकरांना नळदुर्गची ओढ लागते. हैदराबाद रस्त्याने तासाभराचे अंतर. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे नर-मादी धबधबा वाहतो तो उशिरा, आणि तोही पाऊस बरा झालेल्या वर्षी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नदीच्या पात्रात हा बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. बाहेर दोन्ही सांडव्यांतून पाणी कोसळत असते आणि आत उभा असलेला माणूस कोरडा! किल्ल्याच्या दरवाजातून बंधाऱ्यापर्यंतची वाट सोपी आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून चालावे अशी. ही सहल प्रत्येक कुटुंबाने जरूर करावी, असे माझे मत आहे. मात्र आज लिहायचे आहे ते धबधब्याविषयी नव्हे, तर त्या वाटेवर सर्वांच्या मागे राहणाऱ्या माणसाविषयी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी सकाळी एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. वय साठीच्या आसपास, नोकरीतून निवृत्त. तक्रार पत्नीचीच होती. "डॉक्टर, ह्यांना काहीतरी टॉनिक द्या. काल नळदुर्गला गेलो होतो, तर दर दहा मिनिटांना थांबत होते. पोरं हसायला लागली."

मी विचारले, "का थांबत होता?"

"काही नाही, जरा किल्ला बघत होतो."

"छातीत काही होत होते?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुखत नव्हतं. इथं जरा आवळल्यासारखं व्हायचं. थांबलं की जायचं. जेवण जड झालं होतं, गॅसच असणार." हे सांगताना त्यांनी मूठ छातीच्या मधोमध ठेवली.

ती मूठ पाहून मला चटका बसला. कारण दोन महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ 'पोटात गॅस होतो' म्हणून आले होते, तेव्हा मी ई.सी.जी. काढला होता, तो अगदी व्यवस्थित आला होता, आणि मी पित्ताची गोळी देऊन त्यांना घरी पाठवले होते. 'हा त्रास केव्हा होतो, बसल्यावर की चालताना?' एवढा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. त्या दिवशी मात्र त्यांना लगेच हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या आढळल्या.

वाचकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयाला रक्त कमी लागते. अरुंद झालेल्या वाहिनीतूनही तेवढे मिळून जाते, म्हणून ई.सी.जी. बिनचूक येऊ शकतो. चढ लागला, पायऱ्या आल्या, की हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. छाती आवळते. माणूस थांबतो, मागणी कमी होते, त्रास जातो. पोटभर जेवणानंतर लगेच चालले तर हे आणखी लवकर होते, कारण पचनासाठीही हृदयाला जादा काम पडते. आपल्या सहलीत नेमका हाच क्रम असतो. आधी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर मटण, मग चालणे! चालणे आधी आणि जेवण नंतर, एवढा बदल केला तरी पुष्कळ.

घरात वर्षभर जे लपते, ते वाटेवर उघडे पडते. घरी माणूस नकळत आपले चालणे कमी करत गेलेला असतो. भाजीला मुलगा जातो, वरच्या मजल्यावर सून जाते. म्हणून सहलीत 'तुम्ही जा, मी गाडीतच बसतो' म्हणणाऱ्याला प्रेमाने पण खोदून विचारावे. त्याची थट्टा करू नये. मधुमेही माणसांना आणि बायकांना कित्येकदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, हात किंवा जबडा भरून येतो, नाहीतर विलक्षण थकवा वाटतो. आपल्या बायका तर 'काम झालं असेल' म्हणून तेही सांगत नाहीत.

वाटेत असे झाले तर त्या माणसाला तेथेच बसवावे. 'थोडंच राहिलंय, चला' हे वाक्य उच्चारू नये. ज्यांना जिभेखालची गोळी दिलेली आहे त्यांनी ती खिशात ठेवावी; ती गाडीत राहिली तर उपयोग काय? बसूनही पाच मिनिटांत त्रास गेला नाही, तर सोडा पाजत बसू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बसल्यावर त्रास गेला तरी तो पुन्हा होईपर्यंत थांबू नये, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मधुमेह्यांनी तेथे अनवाणी फिरू नये. पायाची जाणीव कमी झालेली असली तर दगडाने झालेली जखम घरी येईपर्यंत कळत नाही. आणि पाण्याविषयी एकच सांगतो. ते पाहावे, त्यात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. अचानक वाढलेल्या प्रवाहात त्यांना काठापर्यंत येता आले नाही.

त्या गृहस्थांवर अँजिओप्लास्टी झाली. आता ते रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी फिरतात. मागच्या वेळी धबधबा वाहिला तेव्हा ते दोघे पुन्हा नळदुर्गला जाऊन आले आणि हौसेने मला सांगायला आले. मी पत्नीला विचारले, "आता थांबत नाहीत ना?"

त्या हसल्या. "हे कुठले थांबतात! आता मलाच मध्ये मध्ये बसावं लागतं."

मी म्हटले, "बाई, उद्या सकाळी उपाशीपोटी या."