संगणकातला रेडिओ : ऐकणाऱ्याचा इतिहास कोण लिहिणार?

१/
प्रसारणाचा इतिहास बहुधा मनोऱ्यांचा लिहिला जातो. केंद्र कधी सुरू झाले, उद्घाटन कोणी केले, धोरण कोणते ठरले, याच्या नोंदी सापडतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या श्रोत्याच्या हातातील साधनाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. संगणकात बसवलेले ट्यूनर कार्ड आणि त्यावर एफएम ऐकवणारी छोटी सॉफ्टवेअर हे त्या इतिहासाचे एक विसरलेले प्रकरण आहे. ते विसरण्याची किंमत आज मोजावी लागत आहे.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याला एफएमचे पेटंट डिसेंबर १९३३ मध्ये मिळाले. खरखर जवळजवळ नाहीशी करणारी ही पद्धत होती. परंतु १९४५ मध्ये अमेरिकी नियामकाने एफएमचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून ८८–१०८ मेगाहर्ट्झकडे हलवला आणि लोकांनी विकत घेतलेले जुने संच निरुपयोगी ठरले. निर्णय घेणारे कोणी एक आणि घरातील संच मुका होणारे कोणी दुसरे, ही रेडिओच्या इतिहासातील जुनी रीत आहे.

३/
भारतात तर ऐकण्यासाठीही परवाना लागे. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याशिवाय रेडिओ संच बाळगणे हा गुन्हा होता. टपाल कार्यालयात शुल्क भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. ‘रेडिओ फुकट असतो’ असे मानणाऱ्या पिढीने एवढे लक्षात घ्यावे की, आजी-आजोबांच्या तारुण्यात कायद्याच्या लेखी श्रोता हा परवानाधारक होता.

४/
भारतातील एफएमचा आरंभ १९७७ साली मद्रासला झाला. खरे वळण आले ते ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तो प्रमुख निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा, सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. पुढे जुलै २००१ मध्ये बंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले.

५/
त्याच सुमारास घरोघरी संगणक येत होते. टीव्ही पाहण्यासाठी जी कार्डे त्यात बसवली जात, त्यांपैकी अनेकांवर एफएमचीही सोय असे. कार्डाच्या एका टोकाला पत्र्याची छोटी डबी असे. तिच्यात खरा रेडिओ दडलेला. फिलिप्सच्या ‘एफएम१२१६’सारख्या डबीत अँटेनासाठी दोन स्वतंत्र तोंडे होती : एक टीव्हीचे, एक रेडिओचे. कार्डावरची ब्रुकट्रीची ‘बीटी८७८’ ही चिप त्या डबीला आज्ञा पोहोचवी.

६/
यातील मौज अशी की, बहुतेक कार्डांत आवाज सॉफ्टवेअरमधून जातच नसे. एक बारीक केबल कार्डातून थेट साउंड कार्डाच्या ‘लाइन-इन’मध्ये जाई. सॉफ्टवेअरचे काम एवढेच : कोणती फ्रिक्वेन्सी लावायची ते सांगणे, आवाज चालू-बंद करणे आणि केंद्रांची यादी जपणे.

७/
लिनक्सवर यासाठी ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ ही व्यवस्था होती. तिच्यात संपूर्ण रेडिओ म्हणजे ‘रेडिओ०’ नावाची एक फाईल. ती उघडायची, आकडा कळवायचा, की केंद्र लागले. तिच्या आधारे नोमरेडिओ, के-रेडिओ, जीक्यू-रेडिओ असे कार्यक्रम तयार झाले. ‘एफएम-टूल्स’मध्ये तर खिडकीसुद्धा नव्हती. एका ओळीची आज्ञा द्यायची. ती पूर्ण होताच कार्यक्रम संपून जाई आणि गाणे मात्र चालूच राही! ते थांबवण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागे.

८/
हे सॉफ्टवेअर आज ऐतिहासिक साधन म्हणूनही वाचता येते. एक उदाहरण : अमेरिकेतील एफएम केंद्रे ८८.१, ८८.३ अशा विषम दशांशांवरच असतात. तेथील सवयीने केंद्र शोधणारा कार्यक्रम २०० किलोहर्ट्झच्या उड्या मारत गेला, तर दिल्लीच्या आकाशवाणीचे १०२.६ त्याला नेमके सापडणार नाही. भारतासाठी ती उडी १०० किलोहर्ट्झची करावी लागते. एका ‘सेटिंग’मध्ये दोन देशांच्या नियमनाचा फरक असा नोंदलेला असतो. ताम्रपटाच्या कडेला कोरलेली खूण वाचणाऱ्या अभ्यासकाला ही खूण परकी वाटू नये.

९/
आता मूळ मुद्दा. ट्यूनर कार्डाच्या संगणकावर श्रोता काय ऐकतो, किती वेळ ऐकतो, कोणत्या गाण्याला कंटाळून केंद्र बदलतो, हे प्रसारकाला कळत नसे. लहरी अँटेनापर्यंत येत. परत काहीच जात नसे. इंटरनेटवरून तेच केंद्र ऐकताना मात्र प्रत्येक श्रोत्याची सर्व्हरशी जोडणी होते आणि त्या जोडणीची नोंद राहू शकते. परवान्याच्या काळात राज्यसंस्थेला निदान संच कोणाकडे आहे एवढे ठाऊक असे; आजच्या ॲपला ऐकणाऱ्याची आवडही ठाऊक असते. या दोहोंच्या मधली काही वर्षे ऐकणे खऱ्या अर्थाने खासगी होते.

१०/
यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. इंटरनेटने जगभरची केंद्रे दिली. कोकणातील दरीत एफएम पोहोचत नाही, तेथे ॲप पोहोचते. परदेशातील मराठी माणसाला आकाशवाणी ऐकता येते. ट्यूनर कार्डाची आठवण काढणे म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असे कोणी म्हणेल. सोयीपुरता हा आक्षेप खरा आहे. पण प्रश्न सोयीचा नाही, पर्याय उरण्याचा आहे.

११/
सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोतील मोबाइल मनोरे कोलमडले. तेव्हा अमेरिकी नियामकाच्या अध्यक्षांनी ॲपलला फोनमधील एफएम चालू करण्याचे आवाहन केले. आयफोन ७ व ८ मध्ये ती चिपच नाही, असे उत्तर आले. भारतातही २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाइल उत्पादकांसाठी सूचनापत्र काढावे लागले : फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका. ज्या लहरींना न्यायालयाने सार्वजनिक मालमत्ता म्हटले, त्या पकडण्याचे दार खिशातील यंत्रात उत्पादक गुपचूप लावून घेऊ शकतो. १९४५ची रीत नव्या रूपात अशी परत आली.

१२/
सॉफ्टवेअरचे आयुष्यही असेच परस्वाधीन असते. अनेक कार्डांसोबत सीडीवर मिळालेले कार्यक्रम विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर चालेनासे झाले आणि धडधाकट कार्डे भंगारात गेली. लिनक्सनेही २०११ मध्ये ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ची पहिली पद्धत काढून टाकली. मात्र तेथे मूळ कोड खुला होता. ज्याला गरज होती, त्याने कार्यक्रम नव्या पद्धतीला जुळवून घेतला. दोन्ही ठिकाणी बदल झाला. फरक एवढाच की, एके ठिकाणी दुरुस्तीचा अधिकार वापरणाऱ्याकडे होता.

१३/
त्या अधिकाराचे फळ पुढच्याच वर्षी दिसले. २०१२ मध्ये रिअलटेकच्या ‘आरटीएल२८३२यू’ चिपवर चालणाऱ्या, टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्चा संकेत बाहेर काढता येतो, हे हौशी संशोधकांनी दाखवून दिले. आता पत्र्याच्या डबीतील बरेचसे काम गणिताने होऊ लागले. आर्मस्ट्राँगने जे विद्युतमंडलाने साधले, ते आज सॉफ्टवेअरच्या काही ओळी साधतात. कोणाची परवानगी न घेता संगणक पुन्हा रेडिओ झाला.

१४/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांसमोर दोन कामे आहेत. पहिले जतनाचे : माळ्यावरची जुनी कार्डे, त्यांच्या सीड्या, माहितीपुस्तिका आणि त्या काळी संगणकावर ध्वनिमुद्रित झालेले स्थानिक केंद्रांचे तुकडे भंगारात जाण्यापूर्वी नोंदवले पाहिजेत. दुसरे नागरिकत्वाचे : यंत्र विकत घेताना त्यात एफएम आहे का, हा प्रश्न दुकानदाराला विचारला गेला पाहिजे. लहरी सर्वांच्या आहेत, हा निकाल १९९५ साली लागला. त्या लहरी पकडण्याचे साधनच हाती उरले नाही, तर तो निकाल कागदावरचाच राहील.